टीएलटीचे ऑप्शन: फेडनं दर उतरवले आणि तरी माझे कॉल शून्यावर गेले

कूपनकापू | २४ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज लिहायला बसलोय कारण परवा शुक्रवारी जॅक्सन होलच्या परिषदेत फेडचे, म्हणजे अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष पॉवेल बोलले आणि लगेच सगळीकडे परत तीच टेप सुरू झाली, सप्टेंबरात दर कमी होणार, लाँग बाँड उचला, टीएलटीचे कॉल घ्या. आणि मला गेल्या वर्षीचा माझा पराक्रम आठवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टीएलटी म्हणजे ब्लॅकरॉकच्या आयशेअर्सचा ईटीएफ, २० वर्षांपेक्षा जास्त मुदत उरलेले अमेरिकी ट्रेझरी बाँड त्यात असतात, २००२ पासून आहे, खर्च ०.१५ टक्के. सरकारी बाँडच्या फंडांत ऑप्शनला सगळ्यात जास्त गर्दी इथेच, त्यामुळे बिड आणि आस्कमधे बहुतेक वेळा दोनतीन सेंटचाच फरक.

तर २०२४ च्या ऑगस्टात फंड ९७ च्या आसपास होता तेव्हा मी जानेवारी २०२५ चे १०० स्ट्राइकचे १० कॉल घेतले, म्हणजे जानेवारीपर्यंत फंड १०० ला विकत घ्यायचा हक्क, एका कॉलमधे १०० शेअर, शेअरमागे २.७०, म्हणजे २,७०० डॉलर. हिशोब सरळ होता, फेड दर उतरवणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं, दर उतरले की बाँड वर. सप्टेंबरच्या मध्यात फंड १०१ झाला, माझे कॉल ४.३० वर. बायको म्हणाली विकून टाक. मी म्हटलं अगं अजून तर कपात व्हायचीये, खरा खेळ आता सुरू होणार. १८ सप्टेंबरला फेडनं पाव नाही, चक्क अर्धा टक्का कमी केला. माझ्या मनात लाडू फुटले. आणि त्या दिवसापासून फंड जो घसरायला लागला तो थांबेचना. नोव्हेंबरात पाव टक्का कपात, डिसेंबरात अजून पाव, आणि मी इकडे दर कपातीला नवसानं वाट बघावी तशी वाट बघतोय आणि फंड खालीच. १७ जानेवारीला एक्सपायरीच्या दिवशी भाव ८७ च्या आसपास. दहाच्या दहा कॉल शून्य.

फेडनं एकूण १ टक्का कमी केला आणि त्याच चार महिन्यांत दहा वर्षांच्या ट्रेझरीचं यील्ड (बाँडवर मिळणारा परताव्याचा दर, तो चढला की बाँडचा भाव उतरतो) साधारण ३.६ वरून ४.८ ला गेलं. दिशा बरोबर सांगितली, पैसे मात्र गेले. आता परत तोच सीन उभा राहतोय, फंडाचा भावही योगायोगानं ८७ च्याच आसपास आहे. कॉल घ्यायची खाज सुटलीये, म्हणून आधी तुमच्याकडून दोन चपराका खाव्यात म्हटलं.


वर्गमूळ | २४ ऑगस्ट २०२५

चपराक नाही, पण निदान देतो. तुम्ही पैज लावली फेडवर आणि विकत घेतलं वीस तीस वर्षांचं यील्ड. दोन्ही नातेवाईक आहेत पण एका घरात राहत नाहीत.

फेड ठरवतं रात्रभराचा दर. तीस वर्षांचं यील्ड ठरवतो बाजार, आणि त्यात पुढच्या तीस वर्षांतली महागाई, सरकारची उधारी किती वाढणार, आणि एवढा काळ पैसे अडकवल्याबद्दल लोक जे जास्तीचं मागतात ते टर्म प्रीमियम, हे सगळं येतं. सप्टेंबर २०२४ मधे कपात होणार हे बाजारानं आधीच भावात घालून ठेवलं होतं, बातमी यायच्या आधीच वरात येऊन जेवून गेली होती. नंतर आकडे मजबूत यायला लागले, निवडणूक, तूट, महागाईची धास्ती, आणि लांबचं टोक वर सरकलं. कपात मोठी झाली म्हणून उलट काही जणांना वाटलं की महागाई परत डोकं वर काढेल, मग तीस वर्षांसाठी ४ टक्क्याला पैसे कोण देईल.

आता गणित. फंडाचं ड्युरेशन सध्या ढोबळ १६ धरा. म्हणजे यील्ड ०.१० टक्का हललं की भाव साधारण १.६ टक्के उलट्या दिशेला. यील्ड पूर्ण १ टक्का चढलं तर भाव १५ टक्क्यांच्या आसपास पडतो, १ टक्का उतरलं तर १७ च्या पुढे चढतो, हा जो फरक आहे तो कॉन्व्हेक्सिटी. अजून एक, यील्ड ४.८ असेल तर त्याला १६ नं भागा, ०.३० येतं. म्हणजे वर्षभरात यील्ड नुसतं ०.३० नं चढलं तरी वर्षाचं सगळं व्याज धुऊन जातं. लोक सरकारी बाँड म्हणजे सेफ म्हणतात, सरकार पैसे बुडवणार नाही एवढ्यापुरतंच ते खरं आहे. २०२२ मधे हा फंड ३१ टक्के पडला.


नवशिक्या२५ | २४ ऑगस्ट २०२५

वाचतोय, धागा मस्त. बालिश प्रश्न, पण बाँड आहे ना, मग मुदत संपेपर्यंत धरून ठेवला की मुद्दल परत मिळणारच की, पडला तर पडला?


जुनाखोड | २४ ऑगस्ट २०२५

@नवशिक्या२५ बालिश नाहीये, या एका गैरसमजात भलेभले अडकलेत. सुटा बाँड घेतलास तर तू म्हणतोस ते खरं. फंडाची मुदत कधीच संपत नाही रे. बाँडची उरलेली मुदत २० वर्षांच्या खाली आली की फंड तो विकतो आणि नवा लांबचा घेतो, जन्मभर तरणाच. २०२० च्या मार्चात हा फंड दिवसातल्या दिवसात १७९ च्या वर जाऊन आला, ऑक्टोबर २०२३ मधे ८३ च्या खाली. ज्यानं वर घेतला तो अजून मुदत संपायची वाट बघतोय.


थीटाखाऊ | २५ ऑगस्ट २०२५

कूपनकापू, तुमचं चुकलं ते ऑप्शन विकत घेण्यातच. मी दीड वर्ष याच फंडावर पुट (ठरल्या भावाला फंड विकायचा समोरच्याचा हक्क) विकतोय, झोप शांत लागते. आत्ताचं उदाहरण देतो, फंड ८७, मी १७ ऑक्टोबरचा ८५ चा पुट विकला ८० सेंटला. ८,५०० डॉलर कोलॅटरल (तारण) बाजूला ठेवलं, ते टी-बिलमधे (सरकारची छोट्या मुदतीची उधारी) बसून ४ टक्क्यांच्या वर व्याज खातंय, आणि वरून दोन महिन्यांच्या आत ८० डॉलर. वर्षाला धरलं तर सहा टक्क्यांच्या वर नुसता प्रीमियम. असाइन झाला, म्हणजे समोरच्यानं हक्क वापरून फंड माझ्या गळ्यात घातला, तर घातला, ८४.२० ला सरकारी बाँड पडला पदरात, महिन्याला व्याज येतंय, त्यावर कॉल विकत बसायचं. कंपनी बुडायची भीती नाही, तिमाही निकालांचा धक्का नाही, सीईओ रात्री बारा वाजता काही बरळायची भानगड नाही. व्हील, म्हणजे पुट विका, फंड पदरात पडला की त्यावर कॉल विका हे चक्र, चालवायला यापेक्षा सज्जन फंड नाही.


जुनाखोड | २५ ऑगस्ट २०२५

थीटाखाऊ, तुमचं हेच वाक्य मी फेब्रुवारी २०२२ मधे शब्दशः बोललो होतो म्हणून सांगतो.

तेव्हा १३८ चा पुट विकला. मार्चात फेडनं दर चढवायला सुरुवात केली, शून्यावरून, आणि पुट असाइन झाला. मी म्हटलं ठीक, सरकारी आहे, कॉल विकू. पण १३८ चा कॉल विकायला जावं तर प्रीमियम चणे फुटाण्याएवढा, कारण फंड तोपर्यंत १२० च्या घरात. जूनमधे ११० च्या आसपास आला. मग काय, माणूस जे करतो तेच केलं, रागाच्या भरात खरेदीच्या खूप खालचा, जुलैच्या शेवटच्या शुक्रवारचा ११४ चा कॉल विकला. आणि नेमका त्या महिन्यात फंड उसळला, ११७ वर बंद, माझे शेअर ११४ ला गेले. एका शेअरमागे २४ डॉलरचा खड्डा, प्रीमियम आणि व्याज धरून १८ चा. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पण गंमत ऐका, ऑक्टोबरात तोच फंड ९५ च्या खाली होता. म्हणजे माझ्या चुकीच्या कॉलनं मला पुढच्या वीस डॉलरच्या घसरणीतून वाचवलं. अक्कल नाही हो, नशीब. तेव्हापासून व्हील कोणी म्हटलं की मी विचारतो, चाक उतारावर सुटलं तर ब्रेक कुठाय.


थीटाखाऊ | २५ ऑगस्ट २०२५

काका मान्य, पण २०२२-२३ म्हणजे शून्य ते साडेपाच टक्के अशी दरवाढ, ती काय रोज होते का. आता यील्ड पाचाजवळ आहे, गादी जाड आहे.


वर्गमूळ | २५ ऑगस्ट २०२५

गादी किती जाड ते मोजू. तुमचा ब्रेकइव्हन (ना नफा ना तोटा) ८४.२०, म्हणजे ८७ वरून ३.२ टक्के खाली. भागिले ड्युरेशन १६. आलं ०.२० टक्का. तुमची सगळी शांत झोप तीस वर्षांच्या यील्डच्या फक्त २० बेसिस पॉइंटवर (१०० म्हणजे १ टक्का) टेकलीये. याच वर्षी एप्रिलात टॅरिफच्या गोंधळात तीस वर्षांचं यील्ड एका आठवड्यात जवळपास अर्धा टक्का चढलं, आठवतंय? शेअरबाजार पडत होता आणि बाँडही पडत होते. मे महिन्यात मूडीजनं अमेरिकेचं रेटिंग खाली आणलं तेव्हा परत पाचाच्या वर.

पुट विकू नका म्हणत नाही. पण विकताना स्ट्राइककडे बघू नका, स्ट्राइकचं यील्डमधे भाषांतर करा आणि मग स्वतःला विचारा, एवढं हलणार नाही याची मला एवढी खात्री का आहे. आणि कंपनी बुडत नाही वगैरे बरोबर आहे पण तिची दुसरी बाजूही आहे, चांगली कंपनी पडली तर नफा वाढला की वर येते. या फंडाला नफा वगैरे काही नाही. यील्ड वर जाऊन तिथेच बसलं तर भावही खाली जाऊन तिथेच बसतो, वर यायची त्याच्यावर काही सक्ती नाही.


हेजवाली | २६ ऑगस्ट २०२५

मी दुसऱ्या बाजूची, विकत घेणारी. माझ्याकडे शेअर भरपूर आहेत, आणि पूर्वी मी टीएलटीचे लांबचे कॉल विम्यासारखे ठेवायचे. मार्च २०२० मधे त्यांनी खरंच कमाल केली, शेअर कोसळत होते आणि कॉल चौपट. पण त्यातही शिकायला मिळालं, ९ मार्चला शिखर गाठलं आणि पुढच्या दहा दिवसांत सगळं जग रोख रक्कम मागायला धावलं तेव्हा ट्रेझरीही विकल्या गेल्या, फंड आपल्याच एनएव्हीच्या (आतल्या बाँडांच्या किमतीच्या) खाली ट्रेड होत होता. मी शिखराच्या दोन ट्रेडिंग दिवस आधी अर्धे विकले होते, उरलेल्या अर्ध्यांचा नफा डोळ्यादेखत वितळला. मग फेड खरेदीला उतरलं तेव्हा कुठं जीवात जीव.

आणि २०२२ मधे विमा कंपनीच पळून गेली, शेअर पण खाली बाँड पण खाली. मंदीच्या भीतीनं शेअर पडले तर हा कॉल कामाला येतो, महागाईच्या भीतीनं पडले तर येत नाही. दोन वेगवेगळे आजार आहेत, एकच गोळी चालत नाही.

@वर्गमूळ, आयव्ही (ऑप्शनच्या भावात धरलेली पुढची चढउतार) कसा बघता ते पण सांगा ना, शेअरवाल्यांना १२ टक्के आयव्ही म्हणजे फुकट वाटतं.


वर्गमूळ | २६ ऑगस्ट २०२५

हो ताई, हे मजेशीर आहे. आयव्हीला ड्युरेशननं भागायचं. १२ भागिले १६ म्हणजे ०.७५, म्हणजे ऑप्शनचा बाजार म्हणतोय की यील्ड वर्षाला साधारण ७५ बेसिस पॉइंट हलेल, दिवसाला सुमारे पाच. हा आकडा मूव्ह इंडेक्सशी ताडून बघायचा, तो ट्रेझरी ऑप्शनवरून काढतात, बाँडांचा व्हिक्स (शेअरबाजाराचा चढउतार निर्देशांक) म्हणा. तंतोतंत जुळणार नाही, मूव्हमधे दोन ते तीस वर्षांच्या सगळ्या मुदती येतात, पण ऑप्शन स्वस्त की महाग याचा अंदाज येतो. नुसतं १२ बघून स्वस्त म्हणणं म्हणजे कार आणि सायकलचा वेग एकाच नजरेनं बघणं.

आणि स्क्यू, म्हणजे वेगवेगळ्या स्ट्राइकच्या आयव्हीतला फरक. शेअरमधे खालचे पुट कायम महाग, कारण सगळे पडायच्या भीतीत. इथं भीती दोन्ही बाजूंनी असते. कोणाला यील्ड उसळायची भीती, कोणाला संकटात सगळे बाँडकडे धावतील आणि आपण बाहेर राहू याची. त्यामुळे वरचे कॉल शेअरच्या मानानं महाग दिसतात, एसअँडपीची सवय घेऊन इथं आलात तर सगळं वाकडं वाटेल.

अजून एक गोष्ट जी २०२३ मधे लोकांना कोड्यात टाकायची. एकाच स्ट्राइकचा, अगदी चालू भावाचा, कॉल पुटपेक्षा महाग. लोक म्हणायचे बघा बाजार तेजीत आहे. तेजी वगैरे काही नाही हो. तेव्हा छोट्या मुदतीचा दर सव्वापाचच्या वर आणि फंडाचं व्याज चारच्या आसपास, म्हणजे फंड उधारीवर धरून ठेवायला वरून पैसे घालावे लागत होते, मग फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा) भाव चालू भावापेक्षा वर आणि कॉल महाग. नुसती पुट-कॉल पॅरिटी, म्हणजे कॉल, पुट आणि फॉरवर्ड भाव यांचं ठरलेलं गणित. आता दोन्ही दर जवळजवळ सारखे झालेत म्हणून तो फरक जवळपास गेलाय, आणि छोटा दर अजून उतरला तर उलटा होईल, पुट महाग दिसतील, आणि तेव्हा कोणीतरी म्हणेलच की बघा बाजार मंदीत आहे.


जुनाखोड | २६ ऑगस्ट २०२५

वर्गमूळसाहेब, एवढं आमच्या कॉलेजात शिकवलं असतं तर आम्ही वर्ग सोडून पळालो नसतो.


थीटाखाऊ | २६ ऑगस्ट २०२५

बरं बाबा, २० बेसिस पॉइंटवालं मनाला लागलंय. रात्री बसून सगळ्या पोझिशन यील्डमधे मांडल्या. सात पुट आहेत माझे आणि वेगवेगळ्या एक्सपायरीचे आहेत म्हणून मी स्वतःला डायव्हर्सिफाइड समजत होतो. सातही एकाच यील्डवर टेकलेले. तीन काढून टाकले आज.


हेजवाली | २६ ऑगस्ट २०२५

शाब्बास. आणि कॉल विकणाऱ्यांनी डिव्हिडंडकडे लक्ष द्या, हा फंड दर महिन्याला देतो. एक्स-डेट (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) बहुतेक महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी असते, डिसेंबरात मात्र दोनदा येते आणि जानेवारीची गायब. शेअरमागे तीस सेंटच्या आसपास. मी एकदा कॉल स्प्रेड विकला होता, म्हणजे खालचा कॉल विकून वरचा घेतलेला, खालचा कॉल बराच आत गेला होता (फंड स्ट्राइकच्या बराच वर), त्यात टाइम व्हॅल्यू (उरलेल्या मुदतीची किंमत) उरली होती आठ सेंट. समोरच्याला आठ सेंट सोडून तीस मिळत असतील तर तो काय वेडाय थांबायला. एक्स-डेटच्या आदल्या रात्री त्यानं एक्सरसाइज केला, म्हणजे हक्क वापरला, सकाळी उठून बघते तर खात्यात शेअर शॉर्ट आणि डिव्हिडंड माझ्याच खिशातून द्यायचा. अमेरिकन पद्धतीचे ऑप्शन आहेत, समोरचा कधीही एक्सरसाइज करू शकतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण ते आपल्याबाबत होईल असं कोणाला वाटतं. आता महिनाअखेरीला आत असलेला शॉर्ट कॉल तपासल्याशिवाय मी लॅपटॉप बंद करत नाही. तपासायचं एवढंच, उरलेली टाइम व्हॅल्यू डिव्हिडंडपेक्षा कमी झालीये का. झाली असेल तर बंद करा नाहीतर पुढे रोल करा (पुढच्या एक्सपायरीला न्या).


नवशिक्या२५ | २७ ऑगस्ट २०२५

एवढी डोकेफोड करण्यापेक्षा टीएलटीडब्ल्यू घेतला तर? तोच फंड धरून कॉल विकतो म्हणे आणि दर महिन्याला भरपूर पैसे देतो.


जुनाखोड | २७ ऑगस्ट २०२५

देतो. ऑगस्ट २०२२ पासून आहे. पण तो साधारण महिनाभराचे, चालू भावाच्या दोन टक्के वरचे कॉल विकतो. म्हणजे फंड महिन्यात सहा टक्के चढला तर तुला दोन आणि प्रीमियम, पडला तर अख्खा पडलेला तुझा, त्यातून प्रीमियम वजा. ज्या दिवसासाठी लोक लांबचे बाँड धरतात तो दिवस, म्हणजे मंदी येऊन यील्ड धाडकन उतरायचा, नेमका तोच दिवस विकून टाकलेला असतो. यील्ड एका जागी घुटमळत राहिलं तर छान चालतं. वाटणीचा टक्का बघून हुरळू नकोस, एकूण परतावा बघ.

आणि तिप्पटवाल्या टीएमएफच्या (लांबच्या बाँडांच्या रोज तिप्पट हलणारा फंड) नादी लागू नकोस. त्यानं डिसेंबर २०२३ मधे दहाचा एक केला, म्हणजे भाव इतका खाली गेला होता की दहा शेअर जोडून एक करावा लागला. रोज तिप्पट आणि वर्षाला तिप्पट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.


नवशिक्या२५ | २७ ऑगस्ट २०२५

समजलं. आणि भारतातल्या पैशानं हे ऑप्शन करता येतील का, माझा भाऊ विचारतोय.


वर्गमूळ | २७ ऑगस्ट २०२५

भावाला सांग नाही. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात पण परदेशातल्या एक्स्चेंजला मार्जिन म्हणून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्याला ईटीएफ आवडत असेल तर ईटीएफ घेऊ दे, ऑप्शन राहू दे.

इथं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी टॅक्सचं पण सांगून टाकतो. फंडाचं व्याज ट्रेझरीचं असल्यामुळे त्यावर राज्याचा इन्कम टॅक्स बहुतेक लागत नाही, ऑप्शनच्या प्रीमियमला मात्र ही सवलत नाही. म्हणजे जास्त टॅक्सच्या राज्यात राहणाऱ्यानं फंडाचं व्याज आणि कॉलचा प्रीमियम एका तागडीत तोलू नये. आणि ईटीएफच्या ऑप्शनला फ्युचर्ससारखी साठ-चाळीसची सवलत (नफ्याचा साठ टक्के भाग दीर्घ मुदतीचा धरायची) मिळत नाही, ती हवी तर ट्रेझरी फ्युचर्सवरचे ऑप्शन आहेत, पण त्यांचा आकार मोठा आणि चूकही मोठी.


कूपनकापू | २८ ऑगस्ट २०२५

सगळ्यांचे आभार, चार दिवसांत जे कळलं ते चार वर्षांत कळलं नव्हतं. काल खाज भागवलीच, पण वेगळ्या तऱ्हेनं. नुसते कॉल नाही घेतले. नोव्हेंबरचा ८८ चा कॉल घेतला आणि ९३ चा विकला, स्प्रेड पडला १.३० ला, असे ६ घेतले, एकूण ७८० डॉलर. ९३ च्या वरचं मला नकोय, तिथपर्यंत जायलाच यील्ड ४० बेसिस पॉइंटपेक्षा जास्त उतरावं लागेल हे आता मोजता येतं. गेले तर ७८० गेले.

आणि बायकोला सांगून ठेवलंय की यावेळी विक म्हणालीस तर वाद घालणार नाही.


हेजवाली | २८ ऑगस्ट २०२५

हा नियम सगळ्या ब्रोकरनी सॉफ्टवेअरमधे टाकायला हवा.

एक लक्षात ठेवा, नोकऱ्यांचे आकडे आणि सीपीआय (महागाईचा आकडा) पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं सकाळी साडेआठला येतात आणि ऑप्शनचा बाजार साडेनऊला उघडतो. मधल्या तासात ट्रेझरी फ्युचर्स हवं तेवढं नाचून घेतात, तुम्ही हात बांधून बघायचं. स्टॉप लॉस वगैरे तिथं उपयोगाचा नाही. स्प्रेडमधे नुकसान बांधलेलं आहे ते बरं केलंत. तीस वर्षांच्या बाँडच्या लिलावाचा निकाल मात्र दुपारी एकनंतर लगेच येतो, तेव्हा निदान हात मोकळे असतात.


जुनाखोड | ३ सप्टेंबर २०२५

धागा वर काढतोय. तीस वर्षांचं यील्ड आज परत पाचाला शिवलं. कूपनकापू, आहात ना?


कूपनकापू | ३ सप्टेंबर २०२५

आहे. स्प्रेड लाल आहे. ७८० च आहेत हे स्वतःला दर तासाला सांगतोय. गेल्या वर्षी या जागी मी अजून दहा कॉल घेऊन सरासरी काढली असती.


थीटाखाऊ | ३ सप्टेंबर २०२५

माझे चार पुट उरलेत, काल रात्री झोप नाही लागली. सातच्या सात असते तर काय झालं असतं.


वर्गमूळ | ५ सप्टेंबर २०२५

आज सकाळचा नोकऱ्यांचा आकडा बघितला का, २२ हजार फक्त. यील्ड सगळ्या मुदतींचं खाली. लक्षात घ्या, दोन दिवसांपूर्वी पाच टक्क्यांवर सरकारच्या कर्जाची, तुटीची चर्चा होती, आज कोणाच्या तोंडी ते नाव नाही. कर्ज काही दोन दिवसांत फिटलं नाही. बाजार एका वेळी एकच काळजी करतो.


कूपनकापू | १६ सप्टेंबर २०२५

उद्या फेडचा निर्णय. फंड ९० च्या आसपास पोचलाय, स्प्रेड २.२५. नाश्त्याच्या टेबलावर बायको नुसती माझ्याकडे बघत होती, काही बोलली पण नाही. सहापैकी चार विकले, ९०० आले, घातलेले ७८० निघाले. दोन ठेवलेत.


जुनाखोड | १६ सप्टेंबर २०२५

दोन कशाला ठेवले?


कूपनकापू | १६ सप्टेंबर २०२५

काका, खाज.


हेजवाली | १८ सप्टेंबर २०२५

काल पाव टक्का कपात झाली आणि लांबचं यील्ड काल दुपारपासून परत वर. गेल्या वर्षीचाच खेळ, फक्त छोट्या पडद्यावर. कूपनकापू, वहिनींना आमच्याकडून नमस्कार सांगा.


थीटाखाऊ | १८ सप्टेंबर २०२५

माझे चारही पुट सध्या पैशाबाहेर आहेत (फंड स्ट्राइकच्या वर), त्यातला ८५ चा १७ ऑक्टोबरपर्यंत धरू की ८० चे २० झालेत तर आत्ताच बंद करू?


वर्गमूळ | १८ सप्टेंबर २०२५

उरलेल्या २० सेंटसाठी अजून महिनाभर तेच ८,५०० डॉलर अडकवून तीच जोखीम उचलायची. आज नवीन असता तर हा पुट २० सेंटला विकला असतास का?


थीटाखाऊ | १८ सप्टेंबर २०२५

नसता विकला. बंद करतो. वहिनींचा ब्रोकर कोणता आहे विचारून ठेवा.